रेषेबाहेरचा पाय

चारुलताबाईंना चाळिशीचा चष्मा घ्यायचा होता, एवढंच. देवासच्या मुलींच्या शाळेत त्या गणित शिकवत. वह्या तपासताना सहाचा आठ वाचला जायला लागला होता. शाळेतल्या बाकीच्या बाया बस-स्टँडजवळच्या दुकानात जात, दोन-चार चष्मे डोळ्यांना लावून बघत आणि त्यातल्या त्यात बरा वाटेल तो घेऊन येत. त्याही तेच करणार होत्या. पण त्यांचे यजमान भास्करराव कारखान्यात होते, तिथे सगळ्यांचे डोळे दरवर्षी तपासत. ते म्हणाले, "दुकानातला नको. इंदूरला डॉक्टरांना दाखवू."

ते साल चौऱ्याऐंशी. उन्हाळ्याच्या सुट्या लागल्या होत्या.

डॉक्टरांनी नंबर काढला, पण तेवढ्यावर सोडलं नाही. डोळ्यांत बधिर करणारं औषध घालून, उताणं निजवून बुबुळावर एक लहानसं उपकरण टेकवलं. मग काळ्या पडद्यासमोर बसवून ठिपका कुठे दिसतो, कुठे दिसेनासा होतो ते विचारत राहिले. शेवटी खुर्ची ओढून समोर बसले.

"चष्मा देतो. पण बाई, तुम्हाला काचबिंदू आहे."

"मग पिकल्यावर काढायचा ना?"

"तो मोतीबिंदू. हा निराळा. डोळ्यातला दाब वाढतो आणि नजर कडेकडेनं मरत येते. समोरचं स्वच्छ दिसत असतं, दुखत नाही, खुपत नाही, त्यामुळे माणसाला पत्ता लागत नाही. गेलेली नजर परत आणता येत नाही. तुमची फार गेलेली नाही. चष्म्याच्या निमित्तानं आलात म्हणून सापडलं." मग त्यांनी विचारलं, "घरात कुणाला होता?"

चारुलताबाईंना वडील आठवले. अप्पा शेवटच्या वर्षांत दाराच्या चौकटीला खांदे घासत चालत. सगळे म्हणत, वय झालं.

"भावंडं?"

"एक धाकटा भाऊ. धारला असतो."

"त्याला आणा. त्याला काही त्रास नसला तरी आणा. तुमच्या मुलीलाही. तसे लहान मुलापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांनीच मधून मधून डोळे दाखवायला हवेत, कुणी दाखवत नाही ही गोष्ट वेगळी. पण तुमच्या रक्तात हे आहे. तुम्हाला टाळता येणार नाही."

"सांगते त्याला," चारुलताबाई म्हणाल्या. तेव्हा त्या खरंच सांगणार होत्या.

भाऊ म्हणजे माधव. धारच्या शाळेत तो खेळांचा मास्तर होता. खो-खोचा पंच म्हणून त्याचं जिल्ह्यात नाव होतं. सामना कुणाचाही असो, "माधव मास्तर पंच आहेत ना, मग ठीक" असं दोन्हीकडची माणसं म्हणत. स्वभावाने मोकळा, तोंडाने त्याहून मोकळा. त्याच्या पोटात काही राहत नसे. सकाळी कळलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत अख्ख्या धारला ठाऊक.

आणि धारमध्येच अलकाचं जमत होतं. अलका चारुलताबाईंची एकुलती एक मुलगी. नवरामुलगा अरविंद, नव्याने सुरू झालेल्या पीथमपूरच्या एका कारखान्यात इंजिनियर. धारहून शिफ्टच्या बसने जाऊन-येऊन करायचा. त्याचे वडील गोपाळराव म्हणजे संस्थानच्या वेळचं घराणं. पत्रिकेआधी त्यांनी मुलीकडच्या आजारपणांची चौकशी केली होती. घरात कुणाला दमा, कुणाला कोड, सगळं सभ्य शब्दांत पण नीट विचारलं होतं.

इंदूरहून परतल्यावर चारुलताबाईंनी डोळ्यांत घालायच्या औषधाची बाटली आपल्या कपाटात, साड्यांच्या मागे ठेवली. घराण्यात आंधळेपण आहे म्हटल्यावर कोण मुलगी करणार? साखरपुडा होऊ दे, मग माधवला सांगू, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

आठवड्याभराने भास्कररावांनी विचारलं, "माधवला कळवलंस ना?"

"हो, बोलले मी. अलकाचंही बघते," त्या म्हणाल्या. पोळ्या लाटत होत्या, त्यामुळे वर बघावं लागलं नाही.

साखरपुडा दसऱ्याच्या सुमारास धारला झाला. त्यानंतर दोन्ही घरांची सोय बघून लग्न वैशाखात ठरलं. तेव्हा मग, लग्न होऊ दे, असं झालं.

त्या थंडीत कापडखरेदीच्या निमित्ताने त्या धारला माधवकडे चार दिवस राहायला गेल्या. माधवने दारातच बॅग घेतली आणि आत वळताना डावा खांदा चौकटीवर आपटला. तो हसला. त्याची बायको शशिकला म्हणाली, "वन्सं, हल्ली यांचं हे रोजचंच झालंय. परवा पाण्याची कळशी लाथाडली. डावीकडे काही ठेवायची सोय राहिली नाही. म्हातारे व्हायला लागलेत."

"अगं, लक्ष नसतं माझं," माधव म्हणाला. "अक्का, चहा घेणार ना?"

चारुलताबाई चौकटीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "घेईन. आलं घाल हं, शशिकला."

त्याच रविवारी किल्ल्याजवळच्या मैदानावर मुलींच्या खो-खोचा शेवटचा सामना होता, माधवच्याच शाळेचा धारचा संघ आणि गंधवानी. जिंकेल तो संघ पुढे इंदूरला खेळायला जाणार होता. गंधवानीच्या मुली आदिवासी वसतिगृहातल्या, काटक, अनवाणी खेळणाऱ्या. त्यांना फत्तेसिंग नावाचे मास्तर शिकवत. पाहुणे म्हणून मांडवात गोपाळराव आणि त्यांच्या पत्नी दुर्गाबाई बसले होते. होणाऱ्या विहीणबाईंना त्यांनी मानाने बोलावून शेजारची खुर्ची दिली. माधव डाव्या अर्ध्या मैदानाचा पंच होता.

सामना चांगला चालला. शेवटची पाळी गंधवानीच्या पाठलागाची होती. धारची एकच मुलगी बाद व्हायची राहिली होती. सुरमी नावाची पोरगी तिच्या मागे लागली. धारची मुलगी खांबाला वळसा घालून निसटली आणि झोकात तिचे दोन्ही पाय चुन्याच्या रेषेबाहेर गेले. क्षणभरच गेले, पण स्वच्छ गेले. रेषेबाहेर पाय म्हणजे बाद. सुरमी थांबली, हात वर करून पंचाकडे बघायला लागली. पंच समोर बघत होता. हे सगळं त्याच्या डाव्या हाताला, पाच-सहा पावलांवर झालं होतं. माधवने शिट्टी वाजवली नाही. धारची मुलगी पुन्हा आत आली, पळाली, आणि वेळ संपली. धार एका गुणाने जिंकलं.

सुरमी तिथेच खाली बसली. फत्तेसिंग धावत आले.

"मास्टरसाब, दोनों पाँव बाहर थे. सबने देखा."

"मेरे सामने नहीं गए," माधव म्हणाला. "गए होते तो मैं खुद बजाता, भिया."

"आपके बाजू में गए. आपके बाजू में, साहब." फत्तेसिंगांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "आपके नाम पे भरोसा करके आए थे हम. अपने स्कूल की लड़कियाँ हों तो आप भी नहीं देखते, ये आज मालूम पड़ा."

मांडवात कुजबुज झाली. गोपाळराव चारुलताबाईंकडे वळून म्हणाले, "तुम्हाला काही दिसलं का हो? मी नेमका हिच्याशी बोलत होतो."

चारुलताबाईंना दिसलं होतं. पाय दिसले होते, आणि त्या पायांच्या अगदी जवळ उभा असून काहीच न दिसलेला भाऊही दिसला होता. माधवला ती बाजू दिसतच नाही, हे मैदानावर एकट्या त्यांना कळलं होतं. बोलायचं तर इथे, या खुर्चीवरून, या माणसासमोर बोलायला लागणार होतं.

"नाही बाई," त्या म्हणाल्या. "माझंही लक्ष नव्हतं."

गोष्ट तिथे संपली नाही. धारमध्ये मुलं माधवच्या पाठीमागे शिट्टी वाजवायला लागली. शाळेत एक-दोघे शिक्षक कौतुकाने म्हणाले, "मास्तर, शाळेसाठी एवढं तर करायलाच हवं," आणि ते त्याला शिवीपेक्षा जास्त लागलं. पुढच्या स्पर्धेला त्याला कुणी बोलावलं नाही. मग त्यानेच शिट्टी शाळेत जमा करून टाकली.

संक्रांतीनंतर तो देवासला आला. जेवला नाही. भास्करराव कामावर होते, अलका मैत्रिणीकडे. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाट घेऊन बसला आणि म्हणाला, "अक्का, तू होतीस ना तिथे. मला खरं सांग. गेले होते तिचे पाय बाहेर?"

चारुलताबाई भाजी निवडत होत्या.

"कारण मी रोज आठवतो," माधव म्हणाला. "डोळे मिटून सगळा डाव परत बघतो. मला पाय दिसतच नाहीत. ती मुलगी खांबाशी होती, आणि मग एकदम समोर होती. मधलं काही नाहीच. सगळे म्हणतात बाहेर गेले. मग मी काय जाणूनबुजून डोळेझाक केली? माझं मलाच कळेनासं झालंय. तुला काय दिसलं?"

"मला नीट दिसलं नाही रे," त्या म्हणाल्या. "चष्मा पुसायला काढला होता."

"बरं," तो म्हणाला, आणि थोड्या वेळाने उठला. जाताना त्याने अलकासाठी आणलेली तिळाची वडी फळीवर ठेवली. चारुलताबाईंनी त्या दिवशी डोळ्यांत औषध घातलं नाही. बाटली हातात घेतली आणि परत ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी मात्र घातलं. स्वतःची नजर जपायची तर जपत होत्या, आणि ते करताना रोज सकाळ-संध्याकाळ त्यांना भाऊ आठवत होता.

वैशाखात लग्न झालं. मामा म्हणून अंतरपाटाशी माधव अलकाच्या मागे उभा राहिला. अक्षता टाकायला वळताना करवलीच्या हातातला दिवा त्याच्या कोपराने पडला. लोक म्हणाले, मास्तरांचं हल्ली चित्त थाऱ्यावर नाही.

लग्न झालं तरी चारुलताबाईंनी लगेच सांगितलं नाही. मुलगी नुकती नांदायला गेलेली, सासरी रुळू दे, असं पुन्हा एक कारण निघालं. शेवटी पावसाळ्यात शशिकलाचा निरोप आला की माधव सायकलवरून पडला, डावीकडून येणारा टांगा त्याला दिसला नाही. हाड मोडलं नाही, पण बाजारातून चष्मा आणून लावतोय आणि त्याने काही फरक पडत नाही.

चारुलताबाई दुसऱ्याच दिवशी धारला गेल्या. "चल, इंदूरला माझ्या डॉक्टरांना दाखवू," एवढंच म्हणाल्या. बसमध्ये सांगायचं ठरवलं होतं. घाटाबिल्लोद गेलं, बेटमा गेलं. माधव खिडकीशी बसून पिकांबद्दल बोलत राहिला, त्या हं हं करत राहिल्या. इंदूर आलं.

डॉक्टरांनी माधवच्या सगळ्या तपासण्या केल्या. पडद्यासमोर त्याला बराच वेळ लागला. मग ते चारुलताबाईंकडे वळले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, कोडंच होतं.

"हेच ना तुमचे धारचे भाऊ? गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यातच आणा म्हटलं होतं मी. इतका उशीर का केलात?"

माधव बहिणीकडे बघायला लागला. नीट दिसावं म्हणून त्याने मान पूर्ण वळवली.

"तेव्हा आलो असतो तर?" त्याने डॉक्टरांना विचारलं.

"डाव्या डोळ्याचं बरंच राखता आलं असतं. आता तो जवळजवळ गेलाय. उजव्यातली निम्मीअधिक नजर आहे, ती औषधानं टिकवू. नेमानं यायला हवं."

परतीच्या बसमध्ये दोघं शेजारी बसले. बाहेर सोयाबीन हिरवंगार होतं. चारुलताबाई रडत होत्या, पण पदर तोंडाशी धरून, आवाज न करता.

"माधव, अलकाचं लग्न—"

"कळलं मला ते." तो समोरच्या सीटच्या दांडीकडे बघत होता. "तू सांगितलं असतंस आणि गप्प राहा म्हणाली असतीस, तर मी राहिलो असतो. माझ्या पोटात काही राहत नाही म्हणतात सगळे. पण तू एकदा सांगून बघायचं होतंस."

हे त्यांच्या मनातच कधी आलं नव्हतं.

"डोळ्याचं एक वेळ राहू दे," तो पुढे म्हणाला. "अप्पांचेही गेले, माझेही गेले. पण मला लबाड म्हणाले, अक्का. मी सहा महिने स्वतःला लबाड समजत होतो. तुझ्या स्वयंपाकघरात बसून मी तुला विचारलं. तुला पाय दिसले होते ना?"

"दिसले होते."

"आणि मला का दिसले नाहीत, तेही?"

"तेही कळलं होतं."

त्याने मान हलवली. धारच्या स्टँडवर उतरल्यावर म्हणाला, "अलकाचे डोळे दाखवलेस?"

"नाही."

"मग आधी तिच्याकडे जाऊ. आत्ताच."

गोपाळरावांच्या बैठकीत चारुलताबाईंनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. गोपाळराव ऐकून घेऊन म्हणाले, "हे लग्नाआधी सांगायला हवं होतं, विहीणबाई."

"सांगितलं असतं तर आपण होकार दिला असता?" दुर्गाबाई मध्येच बोलल्या.

गोपाळरावांना खरं बोलायची सवय होती. म्हणाले, "कदाचित नसता दिला." मग थांबून, "पण ते माझं चुकलं असतं. यांनी भावाचं केलं ते निराळं."

अलका दाराशी उभी होती. तिने पाणी आणलं ते आधी मामाच्या हातात दिलं, त्याच्या उजव्या बाजूला येऊन. आईचा पेला तिने टेबलावर ठेवला.

पुढच्याच आठवड्यात अरविंद तिला इंदूरला घेऊन गेला. डोळे चांगले निघाले. दरवर्षी दाखवत जा, असं डॉक्टरांनी सांगितलं. बरोबर दुर्गाबाईही गेल्या होत्या. त्यांनी आयुष्यात कधी डोळे तपासले नव्हते. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, तो वेळेवर काढता आला. त्या हे सगळ्यांना सांगत, पण ऐकून चारुलताबाईंना हलकं वाटत नसे.

गंधवानीला जायचं चारुलताबाईंनीच ठरवलं. माधव म्हणाला, "मी येतो, पण मी काही बोलणार नाही." वसतिगृहाच्या ओसरीवर फत्तेसिंगांनी खाट टाकली. त्यांनी सगळं ऐकलं. मग माधवसमोर येऊन उभे राहिले.

"मास्टरसाब, मैंने सबके सामने बोला था. अब सबके सामने वापस लूँगा. अगले टूर्नामेंट में, माइक पे."

माधवने त्यांचा हात धरला आणि सोडला नाही.

"और सुरमी?" चारुलताबाईंनी विचारलं. "मैं उससे मिलना चाहती हूँ."

"वो तो नहीं है, बहनजी. इंदौर पहुँचते तो आगे की पढ़ाई का कुछ हो जाता, ऐसा उसके बाप को मैंने समझाया था. हार गए तो उसने ब्याह कर दिया. गुजरात की तरफ़ गए हैं मजूरी को." फत्तेसिंगांनी त्यांच्याकडे पाहिलं. "आप उसी दिन बोल देतीं तो ठीक था."

एवढंच ते बोलले. पुढे चहा आला, तो तिघांनी घेतला.

फत्तेसिंगांनी शब्द पाळला. पुढच्या हिवाळ्यात मैदानावर त्यांनी माइकवरून सगळं सांगितलं. माधवला पुन्हा पंच होता येणार नव्हतं, पण लोक त्याला खुर्ची देऊन पुढे बसवायला लागले. शाळेत त्याने एक हट्ट धरला. नवीन वर्षात प्रत्येक वर्गातल्या मुलांना लांबून फळा वाचायला लावायचा, एकेक डोळा झाकून, आणि ज्याला जमणार नाही त्याच्या घरी स्वतः जायचं. कुणाच्या घरी ऐकून घेत, कुणी दार लावून घेत. तो जात राहिला.

चारुलताबाईंशी तो बोलत असे, पण कामापुरतं. डॉक्टरांकडे दोघं एकाच दिवशी जात, एकाच बाकावर बसत. त्यांनी एकदा माफी मागितली तेव्हा तो म्हणाला, "अक्का, ते शब्द नको. मला अजून माफ करता येत नाही." त्यांनी पुन्हा मागितली नाही.

सगळं उघड झालं त्याच वर्षीच्या दिवाळीत तो भाऊबीजेला येणार नाही असं त्या धरून चालल्या होत्या. तो आला, उशिरा, शशिकलाला घेऊन. पाटावर बसला. चारुलताबाईंनी तबक घेतलं, कुंकू लावलं, अक्षता लावल्या, आणि ओवाळायला लागल्या. निरांजन वळसा घेऊन त्याच्या डाव्या बाजूला गेलं तशी त्याची नजर ज्योतीवरून सुटली आणि शोधू लागली.

"थांब," माधव म्हणाला. "तिकडे गेलीस की मला तू दिसत नाहीस. जरा इकडून, आणि सावकाश."

चारुलताबाई थांबल्या. डोळे पदराने पुसले, उजवीकडे सरकल्या, आणि तबक समोर धरून सावकाश, अगदी लहान वर्तुळात ओवाळू लागल्या.